न्हाई चालायची

कौसाबाई मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माणसाबद्दल असं कोणी लिहायला बसलं की वाचणारे ते माणूस वारलं असंच धरून चालतात. ती जिवंत आहे, नरसीच्या रस्त्यावरच्या तिच्या गावात आहे, आणि मी हे लिहीत असतानासुद्धा कोणाच्या तरी चालीला नाव ठेवत बसली असेल.

नावं ठेवण्याचे ती पैसे घेत नव्हती. पण आमच्या भागातल्या दहा-पंधरा गावांत मुलगी बघायला जायचं म्हटलं की मुलाकडचे लोक सगळ्यांच्या आधी कौसाबाईला जीपमध्ये बसवायचे. मुलाची आई एक वेळ मागं राहिली तरी चालायचं. पुढची सीट कौसाबाईची.

तिची पद्धत ठरलेली होती. मुलीच्या घरी गेल्यावर बाकीचे विचारायचे, नाव काय, शाळा किती झाली, भाकरी येते का. ही गप्प. पोह्यातले शेंगदाणे वेचून बशीच्या कडेला ओळीनं लावत बसायची. सगळ्यांचं विचारून संपलं की म्हणायची, "पोरी, तहान लागली बग. तांब्या काठोकाठ भरून आण." मुलगी तांब्या घेऊन यायला लागली की ही तिच्या तोंडाकडं बघायची नाही. आधी पाण्याकडं बघायची, मग टाचांकडं. पाणी पीतही नव्हती. तांब्या तसाच खाली ठेवायची आणि उठायची. निकाल बाहेर, जीपपाशी. एक तर "चालंल", नाही तर "न्हाई चालायची".

आमच्याकडं चालंल म्हणजे पसंत आहे, आणि चालंल म्हणजे पायानं चालेल. बाकीच्यांसाठी हे दोन अर्थ होते. कौसाबाईसाठी एकच होता.

"तोंडाला पावडर लावताल, टाचंला काय लावताल?" हे तिचं ठरलेलं वाक्य. गावातल्या झाडून सगळ्या माणसांना तिनं चालीवरून नावं दिली होती. ग्रामसेवक दोन्ही बाजूंना झुकत चालायचा, तो तराजू. सरपंचाची बायको जड पावलांची, ती उखळ. एक गुरुजी सपाट रस्त्यावरसुद्धा पाय उंच उचलून टाकायचे, त्यांना ती उंबरा म्हणायची. "आला बगा उंबरा, आता ह्यो काय ओलांडून राहिला?" लोक हसायचे, आणि ती आपल्या मागं काय म्हणत असेल या धास्तीनं तिच्या ओट्यासमोरून सरळ चालायचा प्रयत्न करायचे. सरळ चालायला गेलं की माणूस हमखास अडखळतो. तेही तिला माहीत होतं.

आपलं-परकं तिनं कधी केलं नाही, हे मात्र कबूल करायला पाहिजे. सख्ख्या बहिणीच्या मुलीला बघायला गेली, मुलाकडून. बहिणीनं पुरणपोळी केली, नवं लुगडं दिलं. भाचीनं तांब्या आणला. बाहेर येऊन कौसाबाई म्हणाली, "न्हाई चालायची." बहीण आठ वर्षं बोलली नाही. लुगडं हिनं दुसऱ्या दिवशी घडी न मोडता परत पाठवलं. "आपलं बगून बोलाया लागले तर मला जीपमधी कोन बसवंल?" एवढंच तिचं उत्तर.

आणि एकदा सिद्धेश्वरच्या बाजूला एका मुलीची चाल बघून ती तिच्या बापाला म्हणाली होती, "लग्नाचं ऱ्हाऊ द्या. आधी हिच्या खुब्याचा फोटो काढून आना." खुब्यात क्षय निघाला. औषधं झाली, ती मुलगी आज धडधाकट आहे, दोन लेकरांची आई आहे. मला हे सांगावंसं वाटत नाही, पण खरं आहे.

सांगावंसं वाटत नाही, कारण आमच्या घरीही ती आली होती.

मी आठवीत होते. घर डोंगरकड्याजवळ. माझी मोठी बहीण शोभाताई लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा पाय बोटभर आखूड. सावकाश चालली तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही. कौसाबाई येणार हे आईला आदल्या दिवशीच कळलं. तिला तांब्याचं माहीत होतं. म्हणून तिनं सकाळीच पाण्याचा माठ कोपऱ्यातून उचलून बैठकीच्या दारात आणून ठेवला. माठापासून कौसाबाईपर्यंत चार पावलं. चार पावलांत काय दिसणार आहे?

ताईनं तांब्या आणला, थेंब सांडला नाही. आईनं माझा हात घट्ट धरला होता तो सैल सोडला. तेवढ्यात कौसाबाई कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "माठाची ओल तिकडं हाय, न् माठ हिकडं काहून?"

आईनं पोह्यांची बशी तिच्यापुढं सरकवली. तिनं ती बाजूला केली.

"पोरी, परसातल्या तुळशीचं पान आन बरं एक."

ताई आख्खं घर चालून गेली आणि आख्खं घर चालून आली. तिनं पान हातात ठेवलं. कौसाबाईनं जीपपर्यंतसुद्धा दम धरला नाही. तिथंच, ताईसमोर म्हणाली, "पाय मोजून टाकती. न्हाई चालायची." आणि उठता उठता आईला, "माठ जागच्या जागी ठिवा बाई, भिताडाला ओल चढंल."

ही गोष्ट महिन्याभरात सगळीकडं झाली. आमच्या घरी कोणी बघायला आलं की आधी माठ कुठं आहे ते बघायचं. ताईचं लग्न दोन वर्षांनी झालं, तिच्या दुप्पट वयाच्या बिजवराशी. तिच्या संसाराबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, तिला आवडायचं नाही. मी मात्र ताईच्या त्या बोटभर पायापायीच हे पायांचे व्यायाम शिकवायचं काम शिकले, आणि हिंगोलीत एका केंद्रात लागले.

तिथं दोन वर्षांपूर्वी कौसाबाई आली. लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली. तिच्या सुनेनं तिला बाकावर बसवलं आणि बाहेर जाऊन मोबाइल काढला. मी तिला लगेच ओळखलं. तिनं मला ओळखलं नसावं असं मला वाटलं. कशी ओळखणार, तेव्हा मी दाराआडची एक शेंबडी पोर.

तपासायला जवळ गेले तर म्हणाली, "आधी त्या कपाटापतुर जाऊन ये."

"कशाला, मावशी?"

"पट्टा आनायचा न्हाई का तुला मोजायचा?"

पट्टा खरंच कपाटात होता. मी गेले, घेऊन आले. ती बघत होती, पण काही बोलली नाही. मला वाटलं, म्हातारी झाली, नजर गेली.

नजर कुठली जाते! पाय गेला, हात गेला, जीभ थोडी जड झाली, पण नजर तशीच होती. आमच्या केंद्रात रोज वीसेक पेशंट दांड्यांना धरून चालायचे. ती बाकावरून एकेकाला घ्यायची. "ह्यो बग, मशागतीला निगाला, पायानं नांगरून राहिला." "ती बाई पाय न्हाई टाकत, फेकून देती." आयुष्यभर ताठ चाललेली माणसं महिनाभर घाम गाळून दहा पावलं टाकायची आणि हिच्या तोंडून एक वाक्य ऐकून रडायला लागायची. मी दोनदा दम दिला. म्हणाली, "खोटं बोलले का? सांग, काय खोटं बोलले?" खोटं ती कधीच बोलत नव्हती, हीच तर तकलीफ होती.

तिला काय पाहिजे होतं, ते तिनं मला पहिल्याच आठवड्यात न लाजता सांगितलं. तिची खोली गोठ्याला लागून. संडास अंगणाच्या पलीकडं, वीस पावलांवर. एकटीला जाता येत नाही, सुनेला हाक मारावी लागते. "ती म्हनती, थांबा जरा. न् थांबा जरा म्हंजी तिची एक मालिका संपती. तवर जे व्हायचं ते होऊन जातं. मंग वरडती, लुगडं धुवावं लागतं म्हनून." हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. "मला वीस पावलं पायजेत. वीस जायाची, वीस यायाची. वरचं एक नगं."

ही सून, सविता, तिनं स्वतः निवडलेली. अकरा मुली नापास करून बारावी आणलेली. "चाल लाखात एक," असं तेव्हा सगळ्या गावाला सांगत फिरली होती. सविता खरंच सुरेख चालायची, वाऱ्यासारखी हलकी. मी एकदा तिला म्हटलं, अहो, हाक मारल्यावर जरा लवकर जात जा. ती हसली. म्हणाली, "मला चाल बघूनच आणली ना त्यांनी? मग बघत बसा म्हणावं."

मग ते यंत्र आलं. पुण्याच्या एका कॉलेजातल्या लोकांनी बनवलेलं, सगळं कापडी. कंबरेला रुंद पट्टा, मांडीला आणि पोटरीला पट्टे, पाठीवर डब्याएवढी मोटर, आणि तिथून बारीक दोऱ्या खाली बुटापर्यंत. पाऊल उचलायची वेळ झाली की दोरी ओढली जायची आणि लोळणारा पंजा वर यायचा. लोखंड नाही, कडक काही नाही. सोबत एक काळी विजार होती, ती घालायची आणि वरून पट्टे. असे दोन संच आले होते, चाचणीसाठी. आमचे सहा पेशंट निवडले, पाळीपाळीनं, प्रत्येकाचा वार वेगळा. चाचणी संपल्यावर एक संच परत जाणार होता आणि एक वर्षभरासाठी एका पेशंटच्या घरी राहणार होता.

लुगडं सोडून विजार घालायला कौसाबाईनं दोन आठवडे घेतले. तिसऱ्या आठवड्यात घातली. मोटर घूं करून वाजली, पाय उचलला गेला, आणि ती दांड्याला धरून सात पावलं चालली. दाराशी सविता उभी होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही सून बरी हाय. बोलावलं की येती."

निनाद नावाचा इंजिनिअर पंधरा दिवसांनी पुण्याहून यायचा. लॅपटॉपवर रेघा बघायचा आणि डोकं खाजवायचा. पंजा वर येतोय, तरी पेशंट का अडखळतात ते त्याला कळत नव्हतं. कौसाबाई बाकावरून म्हणाली, "ओढ उशिरा येऊन राहिली."

"काय म्हणालात, मावशी?"

"पाय उचलल्यावर वडून काय फायदा? टाच सुटायच्या आदी वडाया पायजे. बैलाला चढावर लागल्यावर हाकतेत का? चढ यायच्या आदी हाकतेत."

निनाद हसला. पण रात्रभर खटपट करून त्यानं ओढ थोडी अलीकडं घेतली आणि पुढच्या आठवड्याभरात सहाच्या सहा पेशंट बरे चालले. तेव्हापासून तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा, तिच्या पाया पडायचा. दुसऱ्यांच्या चालीचे व्हिडिओ दाखवून तिला विचारायचा. ती सांगायची आणि ते बरोबर निघायचं. तिच्या मनानं घेतलं, दोन संच आहेत, त्यातला एक आपला. "मी त्यांचं मशीन सुदारून दिलं. मला देनार न्हाईत तर कोनाला?" एकच संच राहणार आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. पेशंटना सांगू नका अशी सूचनाच होती, आणि सूचना पाळायला मला काही जड गेलं नाही.

शेवटच्या दिवशी पुण्याहून एक मॅडम आल्या. निवड त्या करणार होत्या. नावं बघून गुण दिले की दया आड येते, म्हणून सगळ्या व्हिडिओंतून नावं काढलेली आणि फक्त कंबरेखालचा भाग ठेवलेला, पाठमोरा. काळी विजार, पट्टे, बूट. व्हिडिओ मी काढलेले, म्हणून कुठला कोणाचा हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. निनाद बाहेर गाडीत खोकी चढवत होता. मॅडमकडं दोन जणींचे गुण जवळजवळ सारखे झाले होते. एक डोंगरकड्याची वच्छला, बाळंतपणानंतर लकवा झालेली, तान्ही मुलगी घरी. आणि दुसरी कौसाबाई.

कौसाबाई लुगडं नेसून बाकावर बसली होती. मॅडमनी माझ्याकडं बघून विचारलं, "निनाद सांगत होता त्या मास्तरीणबाई ह्याच का?"

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं की मॅडम, यांना दाखवू नका, यातला एक व्हिडिओ यांचाच आहे. एका वाक्याचं काम. मी म्हणाले, "हो, ह्याच. यांची नजर लई पक्की आहे."

मॅडमनी टॅबलेट तिच्यापुढं धरला. "मावशी, या दोघींपैकी यंत्र कोणाला द्यावं?"

पहिला वच्छलाचा. कौसाबाईनं डोळे बारीक केले. "ही झगडून राहिली. पाय जड हाय, पर पायात जीव हाय. हिला द्या, सा म्हयन्यात मशीनबिगर चालंल."

दुसरा लावला. आयुष्यभर तिनं हजारो चाली बघितल्या, पण स्वतःची पाठमोरी चाल कोण बघतं? तिच्या मनात ती अजून जीपमधून उतरून ताठ चालत होती. तिनं व्हिडिओ बघितला. परत लावायला सांगितला. आणि हसली. बाकावर बसून पेशंटना हसायची तशीच.

"ह्याच्यात मशीन चालून राहिलं, बाई न्हाई. नुसतं वझं वढतंय बिचारं. जीव संपला ह्या पायातला." तिनं टॅबलेट डाव्या हातानं बाजूला सारला. "न्हाई चालायची. हिच्यावर वाया घालू नका."

मॅडम म्हणाल्या, "अगदी हेच आमचे आकडे पण सांगतायत," आणि कागदावर काही तरी लिहिलं.

मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू? छातीत इतक्या वर्षांचं काही तरी खाली बसल्यासारखं वाटलं. घरी गेल्यावर ताईला फोन करून सांगावं म्हणून नंबर काढला, आणि मग लावला नाही. ताईनं विचारलं असतं, त्या बाईला एकटीनं जाता येतं का गं संडासला? ताई तशीच आहे.

आठवड्यानं कौसाबाई संच न्यायला आली. ऑटो करून, सवितासोबत. सविता ऑटोतच बसून राहिली. कौसाबाईनं नवीन पिशवी आणली होती, यंत्र ठेवायला, जुन्या लुगड्याची शिवलेली. डाव्या हातानं कशी शिवली असेल कोण जाणे. मी सांगितलं, मावशी, तुमचं नाव निघालं नाही. वच्छला म्हणून आहे, तिला दिलं.

"न् दुसरं?"

"दुसरं पुण्याला परत गेलं."

तिनं पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "कोनी ठरवलं?"

मी मोबाइल काढला आणि न कापलेला, आख्खा व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला. त्यात शेवटी ती भिंतीपाशी वळते आणि तोंड दिसतं. तिनं पाय बघितले. वळणं बघितलं. तोंड बघितलं.

"ही मी हाय व्हय?"

"व्हय."

मला वाटलं आता शिव्या देईल, रडेल. ती म्हणाली, "मंग बराबर बोलले मी." आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "बराबरच बोलले. दुसरं कोनी असतं तर पायात जीव हाय म्हनून गेलं असतं."

मी तिथंच तिच्यासमोर खाली बसले. मावशी, मला माहीत होतं, असं काही तरी म्हणाले असेन. तिनं हात हलवला, माशी वारावी तसा.

"मला म्हाईत हाय तुला म्हाईत होतं ते. माठवाल्या घरची हायेस तू. त्या आखूड पायाच्या पोरीची बहीन. पयल्याच दिशी कपाटापतुर गेलीस तवाच वळखलं. तुझी आई, ती न् तू, तिघी टाच सारखीच टेकवता. तिची मोडलेली, तुझी धड."

"मग माझ्याकडं कशाला येत राहिलात?"

"दुसरं कोन होतं?" ती म्हणाली. "वीस पावलं कोन देनार होतं मला?"

ती काठी टेकून उठली. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. पिशवी बाकावरच राहिली. दारापासून फाटकापर्यंत आमच्याकडं मुरूम टाकलेला आहे, वीसेक पावलं भरतील. पायरी उतरल्यावर ती थांबली, मान वळवून म्हणाली, "बग नीट. न् सांग."

ती चालायला लागली. काठी, डावा पाय, मग उजवा ओढत. अंगठ्याची रेघ मुरमात उमटत गेली. दोनदा तोल गेला, दोन्ही वेळा तिनं स्वतःच सावरला. मला बराच वेळ गेल्यासारखं वाटलं. फाटकाला धरून ती वळली. दम लागला होता, ओठाच्या कडेनं लाळ आली होती.

"सांग की. चालंल का?"

"चालंल, मावशी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं असं काही बघितलं की मी आठवीतली झाले. "खोटं बोलून राहिलीस," ती म्हणाली. "तुला नजरच न्हाई."

फाटकाबाहेर ऑटोत सविता फोनवर बोलत होती. सासू आलेली बघून तिनं एक बोट वर केलं, थांबा जरा. कौसाबाई ऑटोचा दांडा धरून उभी राहिली.